पाळीच्या आसपास येणारी फिट: क्लोबाझाम की प्रोजेस्टेरॉन?
सोलापुरात विडी वळता वळता एखादी बाई सांगते पाळी आली की फिट येतेच, आणि घरचे म्हणतात बाहेरचं काहीतरी आहे. अहो बाहेरचं काही नाही, मेंदूला शांत ठेवणारं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन पाळीआधी झपकन उतरतं म्हणून होतं ते. क्लोबाझाम ही फिटची गोळी रोजच्या औषधासोबत फक्त त्या ८-१० दिवसांपुरती देतात, पाळी नियमित असेल तर मला हीच बरी वाटते, पण झोप येते, यंत्रमागावर काम असेल तर जपा. औषध म्हणून दिलेल्या प्रोजेस्टेरॉनचं २०१२ च्या अमेरिकन ट्रायलमध्ये सरसकट जमलं नाही, पण ज्यांच्या फिट त्या दिवसांत तिपटीने वाढतात त्यांना फायदा दिसला. म्हणून आधी कॅलेंडरवर पाळी नि फिट दोन्ही लिहा, तेच न्यूरोलॉजिस्टला दाखवा, रोजची गोळी मात्र मनाने बंद करू नका.