एसआर८३० लॉक-इन अँप्लिफायर : पातळ चुंबकीय थर मोजताना आलेला अनुभव

काही नॅनोमीटर जाडीच्या चुंबकीय थरातून मिळणारा विद्युत संकेत बहुधा मायक्रोव्होल्टमध्ये असतो, आणि ज्या भागासाठी सगळा खटाटोप केलेला असतो तो भाग त्याहूनही शंभरपट किंवा हजारपट लहान असतो. उत्तम व्होल्टमीटर जोडला तरी हा भाग वेगळा काढता येत नाही, कारण तो वीजपुरवठ्याच्या गुणगुणीत, रोधातल्या उष्मीय गोंगाटात आणि तापमानाबरोबर सरकत जाणाऱ्या शून्यात मिसळून गेलेला असतो. तो वेगळा काढण्यासाठी स्टॅनफर्ड रिसर्च सिस्टिम्स या कंपनीचा एसआर८३० हा डिजिटल लॉक-इन अँप्लिफायर मी गेली अनेक वर्षे वापरत आलो आहे. माझी कामे मुख्यतः दोन आहेत : केर परिणामाच्या (चुंबकित पृष्ठभागावरून परावर्तित होताना प्रकाशाचे ध्रुवण बदलते त्याच्या) साहाय्याने थरांची हिस्टेरिसिस वलये (क्षेत्र फिरवताना चुंबकन कसे बदलते त्याचे आलेख) नोंदवणे, आणि हॉल पट्टीवर (धारेला आडवे व्होल्टेज मोजता येईल अशा थराच्या पट्टीवर) पहिल्या व दुसऱ्या हार्मोनिकचे, म्हणजे उत्तेजनाच्या वारंवारितेवरचे आणि तिच्या दुपटीवरचे व्होल्टेज मोजणे. हे परीक्षण त्या दोन कामांच्या आधारे लिहिले आहे.

लॉक-इनचे तत्त्व जुने आहे. नमुन्याला ठरावीक वारंवारितेने उत्तेजित करायचे, मिळालेल्या संकेताला त्याच वारंवारितेच्या संदर्भ साइन तरंगाने गुणायचे आणि गुणाकाराची सरासरी घ्यायची, म्हणजे त्या वारंवारितेचा व त्या कलेचा (फेजचा) भाग तेवढा उरतो आणि बाकीचे सगळे सरासरीत विरून जाते. एसआर८३० मध्ये हा गुणाकार अंकीय पद्धतीने होतो. आत येणारा संकेत सेकंदाला २ लाख ५६ हजार वेळा मोजून आकड्यांत बदलला जातो आणि पुढचे सर्व काम आकड्यांवर चालते. जुन्या अ‍ॅनालॉग लॉक-इनमध्ये गुणाकार करणाऱ्या परिपथाचे स्वतःचे शून्य सरकत असे, त्यामुळे मोठ्या अनाहूत संकेताखालचा लहान संकेत मोजताना उत्तरावर फारसा विश्वास ठेवता येत नसे. येथे ती अडचण राहिलेली नाही. हव्या असलेल्या संकेतापेक्षा १०० डेसिबलने, म्हणजे एक लाख पटीने मोठा गोंगाट सोसूनही उपकरण काम करते, आणि माझ्या दृष्टीने त्याचा सर्वांत मोठा गुण हाच आहे.

कामाची मर्यादा १ मिलीहर्ट्झपासून १०२.४ किलोहर्ट्झपर्यंत आहे. वरची मर्यादा कागदावर पुरेशी वाटते. मात्र केर परिणामाच्या मापनात ती किती काठावर येते ते सांगायला हवे. प्रकाशाचे ध्रुवण बदलण्यासाठी जो प्रकाश-प्रत्यास्थ मॉड्युलेटर वापरतात तो अनेकदा ५० किलोहर्ट्झवर कंप पावतो. नेहमीच्या मांडणीत पहिल्या हार्मोनिकवर केर दीर्घवृत्तता (ध्रुवण किती लंबगोल झाले) मिळते आणि दुसऱ्यावर केर घूर्णन (ध्रुवणाची दिशा किती फिरली) मिळते, म्हणजे घूर्णनासाठी १०० किलोहर्ट्झवर मोजावे लागते. तेवढ्यापर्यंत एसआर८३० पोहोचतो; त्यापुढे मात्र त्याला जाता येत नाही. तिसरा हार्मोनिक हवा असेल किंवा मॉड्युलेटर अधिक वेगवान असेल, तर दुसरे उपकरण शोधावे लागते. याच कंपनीचा नंतरचा एसआर८६० हा ५०० किलोहर्ट्झपर्यंत जातो. शिवाय एसआर८३० एका वेळी एकाच वारंवारितेवर लक्ष ठेवू शकतो. घूर्णन आणि दीर्घवृत्तता एकाच वेळी हवी असतील तर दोन उपकरणे लागतात, नाहीतर चुंबकीय क्षेत्राचा फेरा दोनदा करावा लागतो.

याच कामात एक सोय मात्र फार उपयोगी पडली. मागच्या बाजूला चार पूरक इनपुट आहेत आणि मोजलेल्या संकेताला त्यांपैकी पहिल्या दोनमधल्या कोणत्याही एकावरच्या व्होल्टेजने भागून ते गुणोत्तर थेट पडद्यावर दाखवण्याची व्यवस्था आहे. प्रकाशाच्या स्थिर तीव्रतेचे व्होल्टेज तेथे जोडले की लेझरची शक्ती थोडी कमीजास्त झाली तरी केर संकेत हलत नाही. चार पूरक आउटपुटही आहेत, आणि त्यांतला एक विद्युतचुंबकाच्या वीजपुरवठ्याला जोडून क्षेत्र पायरीपायरीने बदलता येते. पायरी १ मिलिव्होल्टची आहे. १० व्होल्टला १००० ओरस्टेड देणारा चुंबक असेल तर क्षेत्राची पायरी ०.१ ओरस्टेडची होते, आणि परमॅलॉय या निकेल-लोहाच्या मिश्रधातूसारख्या मऊ, म्हणजे लहान क्षेत्रातच चुंबकन उलटणाऱ्या, थरासाठी ती जेमतेम पुरते.

आता टाइम कॉन्स्टंटविषयी अधिक सविस्तर लिहितो, कारण या उपकरणावर घेतलेली जी चुकीची मापने मी पाहिली, त्यांतली बरीचशी याच एका बटणापाशी सुरू झाली होती. सरासरी किती वेळाची घ्यायची हे टाइम कॉन्स्टंट ठरवतो आणि ती किती कठोरपणे घ्यायची हे फिल्टरचा उतार ठरवतो. उताराचे ६, १२, १८ आणि २४ डेसिबल प्रति ऑक्टेव्ह असे चार पर्याय आहेत. ३०० मिलीसेकंद आणि २४ डेसिबल अशी निवड केली तर गोंगाटाची पट्टरुंदी (फिल्टरमधून जाणाऱ्या वारंवारितांचा पट्टा) सुमारे ०.२६ हर्ट्झ होते. उपकरणाचा स्वतःचा इनपुट गोंगाट १ किलोहर्ट्झवर ६ नॅनोव्होल्ट प्रति वर्गमूळ हर्ट्झ धरला तर वाचनात सुमारे ३ नॅनोव्होल्टचा चढउतार दिसेल, आणि ही गोष्ट नक्कीच समाधानाची आहे. मात्र त्याची किंमत वेळेत मोजावी लागते. याच निवडीत संकेत बदलल्यावर वाचन ९९ टक्क्यांपर्यंत स्थिरावायला दहा टाइम कॉन्स्टंट, म्हणजे ३ सेकंद लागतात. दोनशे बिंदूंचे वलय नीट नोंदवायचे तर दहा मिनिटे थांबण्याची तयारी हवी.

ती तयारी नसली तर काय होते ते मी स्वतः अनुभवले आहे. मऊ थराचे वलय नोंदवताना क्षेत्र न थांबता सेकंदाला १ ओरस्टेड या वेगाने फिरवले होते आणि वरचीच निवड ठेवली होती. चुंबकन उलटले तरी फिल्टरमधून त्याची अर्धी बातमी बाहेर यायला जवळजवळ १.१ सेकंद लागतात आणि तेवढ्यात क्षेत्र १.१ ओरस्टेडने पुढे सरकलेले असते. ज्या थराची खरी निग्रहिता (चुंबकन उलटवायला लागणारे क्षेत्र) १ ओरस्टेड होती ती आलेखात दुपटीहून थोडी अधिक दिसली. वलय गुळगुळीत आणि सममित होते, आणि दिसायला इतके देखणे होते की त्यात काही चुकले असेल असा संशयही येऊ नये. गोंगाट असलेला आलेख पाहणाऱ्याला निदान सावध तरी करतो; अति सरासरीने गुळगुळीत झालेल्या आलेखाकडून तेवढी मदतही मिळत नाही. तेव्हापासून प्रत्येक नव्या थराचे वलय मी दोन वेगांनी नोंदवतो. वेग निम्मा केल्यावर निग्रहितेतली जादा वाढही निम्मी झाली तर दोष फिल्टरच्या विलंबाचा असतो. थराची खरी निग्रहिताही क्षेत्राच्या वेगाबरोबर वाढते, परंतु उष्मीय उत्तेजनामुळे होणारी ती वाढ वेगाच्या लॉगॅरिदमबरोबर, फार सावकाश होते, त्यामुळे दोन्ही वेगळ्या ओळखता येतात.

हे सगळे समोरच्या पट्टीवर दिसते, ही या उपकरणाची मोठी जमेची बाजू मी मानतो. टाइम कॉन्स्टंट, उतार, संवेदनशीलता, गोंगाट सोसण्याची राखीव क्षमता, इनपुटची जोडणी या प्रत्येकासाठी स्वतंत्र दिवा आहे. कोणताही पर्याय मेनूच्या तिसऱ्या पातळीवर लपलेला नाही. नवा विद्यार्थी टेबलाशी येऊन उभा राहिला की दिव्यांकडे बोट दाखवून मापनाची संपूर्ण स्थिती समजावून देता येते, आणि मापनाच्या वहीत त्या दिव्यांची नोंद करण्याची सवय लागली तर सहा महिन्यांनीही जुन्या आलेखाचा अर्थ लावता येतो.

दुसरे काम हार्मोनिक हॉल मापनाचे. टँटलम, कोबाल्ट-लोह-बोरॉन आणि मॅग्नेशियम ऑक्साइड अशा थरांच्या रचनेत धारेमुळे चुंबकनावर जे स्पिन-ऑर्बिट बलाघूर्ण येते ते मोजण्यासाठी पट्टीतून प्रत्यावर्ती धारा सोडतात आणि आडव्या व्होल्टेजचे पहिले व दुसरे हार्मोनिक पाहतात. त्यासाठी लागणारा साइन स्रोत एसआर८३० मध्येच आहे, आणि तो ४ मिलिव्होल्टपासून ५ व्होल्टपर्यंत देतो. ५० किलोओहमचा रोध श्रेणीत जोडला की १०० मायक्रोअँपिअरच्या आसपास धारा मिळते आणि १ किलोओहमच्या नमुन्याचा रोध १ टक्क्याने बदलला तरी धारा केवळ ०.०२ टक्क्याने बदलते. वारंवारिता मी १३७ हर्ट्झ ठेवतो, कारण ती आणि तिची दुप्पट या दोन्ही वीजपुरवठ्याच्या ५० किंवा ६० हर्ट्झच्या पटींपासून दूर राहतात.

येथे कलेचा प्रश्न येतो. चुंबकनाचे दोलन धारेबरोबर होते आणि हॉल व्होल्टेज पुन्हा धारेच्या प्रमाणात असते, म्हणून दुसरा हार्मोनिक साइनच्या वर्गातून निघतो आणि तो कोसाइनच्या रूपात, म्हणजे संदर्भापासून ९० अंशांवर येतो. तो संदर्भाशी समकलेचा भाग दाखवणाऱ्या एक्स वाहिनीत न मिळता ९० अंशांवरचा भाग दाखवणाऱ्या वाय वाहिनीत मिळतो. हे ठाऊक नसताना ऑटो-फेज हे बटण दाबले की उपकरण आज्ञाधारकपणे सगळा संकेत एक्समध्ये वळवते आणि वाय शून्य करते; त्यानंतर खरा संकेत कोणता आणि कुठून तरी शिरलेला परका भाग कोणता, हे सांगण्याचा आधारच उरत नाही. दुसऱ्या हार्मोनिकसाठी ते बटण वापरू नये असेच मी सर्वांना सांगतो. कला पहिल्या हार्मोनिकवर, साधा रोध जोडून तपासावी आणि मग ती तशीच ठेवावी.

दुसरी चूक √२ ची. उपकरण सर्व मूल्ये वर्गमध्यमूळ (आरएमएस) स्वरूपात दाखवते आणि साइन स्रोताचे मूल्यही त्याच स्वरूपात असते, तर हार्मोनिकांची सूत्रे बहुधा त्याच्या √२ पट असलेल्या शिखर मूल्यांत लिहिलेली असतात. एका ठिकाणी गुणायचे आणि दुसऱ्या ठिकाणी विसरायचे असे झाले की बलाघूर्णाशी समतुल्य असे प्रभावी क्षेत्र ४१ टक्क्यांनी जास्त किंवा २९ टक्क्यांनी कमी निघते, आणि एवढ्या फरकावर दोन पदार्थांपैकी कोणता अधिक कार्यक्षम याचा निकाल उलटू शकतो. हा उपकरणाचा दोष नव्हे. मात्र वापरणाऱ्याने पहिल्याच दिवशी तो हिशेब कागदावर मांडून ठेवावा.

खरी मर्यादा विकृतीची आहे. कमी वारंवारितेवर साइन स्रोतात मूळ संकेताच्या ८० डेसिबल खालपर्यंत, म्हणजे दहा हजारांश इतके अनाहूत हार्मोनिक असू शकतात. पहिला हार्मोनिक २०० मायक्रोव्होल्ट असेल तर २० नॅनोव्होल्टचा खोटा दुसरा हार्मोनिक केवळ स्रोतामुळेही दिसू शकतो. माझ्या बहुतेक नमुन्यांत खरा संकेत शेकडो नॅनोव्होल्टचा असल्याने हे चालून जाते, पण त्याहून लहान संकेतांसाठी स्वच्छ धारास्रोत वेगळा घ्यावा. नमुन्याच्या जागी तेवढ्याच रोधाचा साधा रोधक लावून दुसरा हार्मोनिक किती येतो हे मोजले, तर त्या मांडणीचा तळ कळतो.

जमिनीच्या जोडणीबाबत उपकरण समंजस आहे. इनपुट केबलचे कवच १० ओहममधून किंवा १० किलोओहममधून जमिनीला जोडण्याची निवड मिळते. आमच्या टेबलावर एकदा चुंबकाचा वीजपुरवठा आणि नमुन्याचा धारक यांच्यात जमिनीचे वेटोळे (दोन वाटांनी जमिनीला जोडल्याने नकोशी धारा फिरवणारा बंद मार्ग) तयार झाले होते. क्षेत्र वाढेल तसा हॉल संकेताचा पाया सरकत होता आणि काही दिवस आम्ही त्यात चुंबकरोधाचे (क्षेत्रामुळे बदलणाऱ्या रोधाचे) अर्थ शोधत बसलो. विभेदी इनपुट (दोन तारांमधला फरक मोजणारा) आणि १० किलोओहमची निवड करताच तो पाया सपाट झाला.

जिथे हे उपकरण मला अपुरे वाटते ते संकेत विश्लेषणाचे अंग आहे. लॉक-इन एका अरुंद फटीतून पाहतो. शेजारी काय चालले आहे ते त्याला दिसत नाही. निवडलेल्या वारंवारितेच्या जवळच पंपाचे कंपन असेल तर वाचन मंद लयीत डोलत राहते आणि कारण सापडत नाही. म्हणून नवी मांडणी उभी केल्यावर आधी वर्णपटमापकावर (स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझरवर) किंवा संगणकाच्या डेटा कार्डावर संपूर्ण गोंगाटाचा पट पाहावा आणि मगच वारंवारिता ठरवावी. काही जण पुढे जाऊन कच्चा संकेत कार्डाने नोंदवतात व गुणाकार-सरासरीचे काम संगणकावर करतात. सर्व हार्मोनिक एकाच नोंदीतून मिळतात आणि टाइम कॉन्स्टंट मागाहून बदलता येतो, हा त्याचा मोठा लाभ आहे. परंतु ±१० व्होल्टच्या १६-बिट कार्डाची एक पायरी सुमारे ०.३ मिलिव्होल्टची असते. मायक्रोव्होल्टसाठी त्याच्याआधी कमी गोंगाटाचा प्रवर्धक आणि योग्य फिल्टर लागतो, आणि एसआर८३० मध्ये या दोन्ही गोष्टी आधीपासून असतात.

संगणकाशी संवाद जीपीआयबी किंवा आरएस-२३२ या जुन्या जोडण्यांमधून होतो, यूएसबी किंवा नेटवर्कची जोडणी नाही. आतल्या स्मृतीत प्रत्येक वाहिनीचे सुमारे १६ हजार बिंदू मावतात आणि सेकंदाला जास्तीत जास्त ५१२ बिंदू साठवता येतात. पायरीपायरीने मोजायच्या वलयासाठी हे भरपूर आहे, तर वेगाने बदलणाऱ्या संकेतासाठी तोकडे. पातळ थरांच्या नेहमीच्या कामासाठी, म्हणजे काही हर्ट्झ ते १०० किलोहर्ट्झ या टप्प्यात आणि एका वेळी एक हार्मोनिक पुरत असेल तर, मी आजही हेच उपकरण निवडीन.

वापरलेले उपकरण हातात येणार असेल तर दोन चाचण्या अवश्य कराव्यात. साइन आउटपुट १ व्होल्टवर ठेवून थेट इनपुटला जोडावा. परिमाण १ व्होल्ट आणि कला शून्याच्या अगदी जवळ यायला हवी. मग इनपुटवर शॉर्टिंग टोपी लावून, १ किलोहर्ट्झवर आणि सर्वांत संवेदनशील पट्ट्यांपैकी एकावर, एक्स वाहिनीचा गोंगाट दाखवणारे वाचन निवडावे आणि ते स्थिरावेपर्यंत शांतपणे थांबावे. ६ नॅनोव्होल्ट प्रति वर्गमूळ हर्ट्झच्या आसपासचा आकडा आला तर इनपुटचा पहिला टप्पा सुस्थितीत आहे. तो कितीतरी पट जास्त आला तर कधीतरी त्या इनपुटवर मोठे व्होल्टेज पडले असण्याची शक्यता धरावी आणि दुरुस्तीची चौकशी व्यवहार पक्का होण्याआधीच करावी.