एव्होराचं हॉटेल, लिथुआनियाचं खातं आणि माझे 1,044 युरो

पोर्तुगालचा बेत असेल, त्यात एव्होरा असेल आणि गावाबाहेरच्या एखाद्या शेतावरच्या हॉटेलची 'अधिकृत' साइट समोर उघडी असेल, तर पैसे पाठवायच्या आधी हे वाचा. माझे 1,044 युरो गेले. त्या दिवशी बँकेने लावलेल्या 106.80 च्या भावाने 1,11,499 रुपये 20 पैसे. स्विफ्टचं, म्हणजे परदेशी पैसे पाठवायचं, शुल्क 1,180 आणि चलनबदलावरचा जीएसटी 190 रुपये 35 पैसे वेगळे. एकूण 1,12,869 रुपये 55 पैसे. आकडे पैशापर्यंत देतोय, कारण फसलेले लोक "बरीच मोठी रक्कम" एवढंच सांगून विषय बदलतात. मला विषय बदलायचा नाहीये.

खोटी साइट, खऱ्या हॉटेलचे फोटो, थेट बुकिंगवर सूट, पैसे बँकेतून पाठवा. बाकी प्रकार सगळ्यांना ठाऊक आहे, तो उगाळत बसत नाही. मलाही ठाऊक होता. वीज तोडण्याचे मेसेज, कुरिअरवाल्यांचे फोन, हे सगळं मी आमच्या सोसायटीत लोकांना समजावून सांगणारा माणूस आहे. म्हणूनच जास्त झोंबतं.

आता "मुळात थेट बुकिंग कशाला करायला गेलात?" हा प्रश्न. प्रत्येकाने विचारलाय, आणि विचारताना भुवई वर केलीय. उत्तर व्हिसा. आम्ही चौघं जाणार होतो: मी, बायको, साडू आणि मेहुणी. शेंगेन व्हिसाला राहण्याचा पुरावा लागतो. बुकिंगच्या ॲपवरून जे कन्फर्मेशन मिळालं त्यावर फक्त माझं नाव, बाकी तिघं "इतर पाहुणे". चौघांची नावं पासपोर्टप्रमाणे लिहिलेलं, हॉटेलच्या लेटरहेडवरचं पत्र असलेलं बरं, असं एजंट म्हणाला. ते पत्र हॉटेलच देणार. म्हणून हॉटेलची साइट शोधली. यात हावरटपणा कुठे आला? 10 टक्के सूट होती हे खरं, पण सवलतीसाठी गेलो नव्हतो.

एव्होरा हट्टाने निवडलं होतं. लिस्बनहून गाडीने दीड तास, आलेंतेजूच्या सपाट मुलखात. तटबंदीच्या आतलं जुनं शहर 1986 पासून युनेस्कोच्या यादीत आहे. पहिल्या शतकातलं रोमन देऊळ गावाच्या मधोमध उभं आहे. भिंती माणसांच्या हाडांनी आणि कवट्यांनी मढवलेलं चॅपल आहे, त्याच्या दारावर लिहिलंय की आम्ही इथली हाडं तुमच्या हाडांची वाट बघतोय. थोडं बाहेर गेलं की आल्मेंद्रेशच्या उभ्या शिळांचं रिंगण, स्टोनहेंजच्याही आधीचं. आणि 2027 ला हेच गाव युरोपची सांस्कृतिक राजधानी म्हणून मिरवणार. म्हणजे पुढच्या वर्षी भाव काय होतील ते सांगायला नको, आत्ताच तटबंदीच्या आतल्या खोल्या अंगाला हात लावू देत नव्हत्या. शिवाय तिथल्या अरुंद गल्ल्यांत भाड्याची गाडी लावणार कुठे? म्हणून गावाबाहेरचं हॉटेल. दोन खोल्या, चार रात्री, खोलीला 145 युरो. एकूण 1,160, सूट जाऊन 1,044.

साइट सुंदर होती. फोटो खऱ्या हॉटेलचेच होते ना, सुंदर असणारच. पांढऱ्या भिंती, खाली निळा पट्टा, मागे बुचाच्या ओकांची रांग. एका फोटोत एका खोडाची साल काढलेली, आतला लालसर तपकिरी भाग उघडा, आणि त्यावर पांढऱ्या रंगात 7 चा आकडा. मी बायकोला म्हटलं, हे झाड 2017 ला सोललंय. साल नऊ वर्षांनी काढतात, म्हणजे यंदा पुन्हा काढणार, आपण मे अखेरीस गेलो तर कदाचित बघायलाही मिळेल. ती म्हणाली, किती बारीक बघता हो तुम्ही.

हे वाक्य आता घरात कोणी उच्चारत नाही.

कारण त्यांनी पाठवलेल्या इनव्हॉइसवर जो आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, होता, त्याची सुरुवात एलटी अशी होती. पोर्तुगालच्या खात्याची सुरुवात पीटी 50 अशी होते, नेहमीच, आणि पुढे 21 आकडे. पहिली दोन अक्षरं देशाची असतात. एलटी म्हणजे लिथुआनिया. झाडावरचा आकडा वाचणाऱ्या माणसाला ही दोन अक्षरं दिसली नाहीत असं नाही. दिसली. मी मेल करून विचारलंसुद्धा. उत्तर आलं की आमच्या ग्रुपची खाती व्हिल्न्यूसच्या डिजिटल बँकेत आहेत, परदेशी पाहुण्यांना शुल्क कमी पडतं. आणि हे अगदीच अचाट नाही हो! युरोपातल्या कितीतरी खऱ्याखुऱ्या कंपन्यांची खाती लिथुआनियात असतात. युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशाचा आयबॅन आहे म्हणून नाकारता येत नाही, असा तिकडे कायदाच आहे. मी हे सगळं वाचून काढलं होतं. थोडं कमी वाचलं असतं तर कदाचित वाचलो असतो.

पण खरा क्षण तो नव्हे. खरा क्षण बँकेच्या काउंटरवरचा. परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म भरून दिला, पॅनची प्रत जोडली. समोरची मुलगी, असेल पंचविशीची, स्क्रीनवर भरत होती. हॉटेलचं नाव, गाव एव्होरा, देश पोर्तुगाल. मग बँकेच्या रकान्यापाशी ती थांबली. पेनाच्या टोकाने माझ्या कागदावरची ती दोन अक्षरं दाखवली आणि म्हणाली, "सर, हॉटेल पोर्तुगालचं आहे ना? इथे बँकेचा देश लिथुआनिया येतोय. तोच टाकू?"

मी म्हणालो, "हो हो, युरोपात असं चालतं."

वर हसलोही. मागे रांगेत एक गृहस्थ उभे होते, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. त्या मुलीने मला थांबायची अक्षरशः संधी दिली होती, आणि मी तिला युरोप शिकवला. तिने "ओके सर" म्हणून एंटर मारलं. आता बँकेशी भांडताना हेच माझ्या अंगावर येतं: "आमच्या स्टाफने आपल्याला विचारलं होतं."

तरी माझं म्हणणं आहे, नुसतं विचारून काय होतं? पैसे घेणाऱ्याचं नाव आणि खातेदाराचं नाव एकच आहे का, हे बघायची सोय का नाही? आपल्याकडे चहावाल्याला यूपीआयने वीस रुपये देताना आधी नाव दिसतं. लाखभर रुपये देशाबाहेर जाताना दिसत नाही.

युरोपात मात्र दिसतं, आणि त्यानेच भांडं फुटलं. आठवडाभराने त्यांचा दुसरा मेल आला: 200 युरो डिपॉझिट, परत मिळणारं, त्याच खात्यात पाठवा, ते मिळालं की व्हिसाचं पत्र लगेच देतो. पुन्हा स्विफ्टचे 1,180 कशाला घालवा, म्हणून साडूंच्या मुलाला सांगितलं. तो श्टुटगार्टला नोकरी करतो. दहा मिनिटांत त्याचा फोन. "काका, नाव मॅच होत नाही म्हणतंय ॲप. हॉटेलच्या नावाचं हे खातंच नाही. तुम्ही आधी काही पाठवलंय का?" ऑक्टोबर 2025 पासून युरो वापरणाऱ्या देशांतल्या बँकांना युरो पाठवण्याआधी नाव जुळवून दाखवणं बंधनकारक झालंय. भारतातून जाणाऱ्या पैशाला ते लागू नाही. ज्यांचं कोणी तिकडे आहे त्यांनी एवढं तरी करा: आयबॅन त्यांच्या ॲपमध्ये टाकून नाव जुळतंय का ते बघायला सांगा, पैसे पाठवायचे नसले तरी.

मी त्याला म्हटलं, नाही रे, काही नाही पाठवलं. संध्याकाळी त्याच्या आईवडिलांना खरं सांगावं लागलं, कारण निम्मे पैसे साडूंचे होते. 55,750 रुपये त्यांनी मला आधीच दिले होते. मी ते दुसऱ्या दिवशी परत केले. ते "अहो, राहू द्या" म्हणाले, पण घेतले.

मग खऱ्या हॉटेलला फोन लावला. एव्होराचे लँडलाइन नंबर 266 ने सुरू होतात, हे आधी बघितलं असतं तर? खोट्या साइटवर फक्त 9 ने सुरू होणारा मोबाइल होता, त्यावर व्हॉट्सॲप. खऱ्या हॉटेलातल्या बाई शांतपणे म्हणाल्या की तुमच्या नावाचं बुकिंग नाही, आणि तुम्ही पहिले नाही. पहिले नाही! मग तुमच्या साइटवर मोठ्या अक्षरांत एक सूचना टाकायला काय झालं? त्या म्हणाल्या, पोलिसांना कळवलंय. खऱ्या साइटचा पत्ता .pt ने संपतो, खोट्याचा .com ने, मधे एक आडवी रेघ. आणि खोट्याने शोधनिकालात पैसे भरून पहिली जागा घेतलेली. जाहिरात म्हणून आलेल्या पहिल्या निकालावर हॉटेलचं बुकिंग कधी करू नका.

आणखी एक, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. पोर्तुगालमधल्या प्रत्येक पर्यटक निवासाला सरकारी नोंदणी क्रमांक असतो, आणि ती राष्ट्रीय नोंदवही कुणालाही ऑनलाइन बघता येते. 'हॉटेल रुराल' ही तिथे कायद्याने ठरवलेली वर्गवारी आहे, घरगुती खोल्यांचे क्रमांक एएल ने संपतात. साइटवर क्रमांक नसेल तर सोडून द्या. असेल तर नोंदवहीत टाकून नाव आणि पत्ता ताडून बघा. दोन मिनिटांचं काम.

आता तक्रारीची कथा. पोलीस ठाण्यात गेलो. साहेब म्हणाले, "तुम्ही स्वतः बँकेत जाऊन, सही करून पाठवले ना? मग यात सायबर काय?" म्हटलं, साइट खोटी होती. म्हणाले, साइट कुठली? पोर्तुगालची. पैसे कुठे? लिथुआनियात. "आणि तुम्ही राहता आमच्या हद्दीत!" असं म्हणून ते हसले. दुसऱ्या टेबलावर पाठवलं. तिथल्या फॉर्मला आरोपीच्या खात्याचा आयएफएससी हवा होता. लिथुआनियाच्या खात्याला आयएफएससी नसतो हे समजावण्यात चहाची वेळ झाली. शेवटी हवालदारांनी तिथे माझ्याच शाखेचा आयएफएससी टाकला. म्हणजे कागदोपत्री आरोपी आणि फिर्यादी एकाच शाखेत! एफआयआर नाहीच, नुसती पोच. पोर्तुगालच्या पोलिसांना मेल केला, तर पोर्तुगीजमधून आपोआप उत्तर आलं की तक्रार प्रत्यक्ष येऊन द्यावी. मी प्रत्यक्षच येणार होतो हो, त्यासाठीच तर हॉटेल घेतलं होतं! आणि ज्या डिजिटल बँकेत पैसे गेले तिच्या चॅटवर लिहिलं, तर ती म्हणते आधी लॉगिन करा. माझं तिथे खातं नाही. मग म्हणते, खातं नसेल तर खातं उघडा.

तुमचे पैसे भारतातल्याच खात्यात गेले असतील तर मिनिटाचाही वेळ न घालवता 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, पैसे पुढे सरकायच्या आत गोठवता येऊ शकतात. परदेशात गेले असतील तर पोलिसांच्याही आधी शाखेत जा आणि लेखी रिकॉल, म्हणजे पैसे परत बोलावण्याची विनंती, द्या, तोंडी नको. व्यवहाराचा यूटीआर नंबर आणि स्विफ्ट संदेशाची प्रत त्याच दिवशी हातात घ्या. मी घेतली नव्हती. ती मिळायलाच तीन अर्ज लागले.

व्हिसाचं पत्र हातात पडलं नाही, हे एक नशीब. पडलं असतं तर बनावट हॉटेलचं पत्र मी वकिलातीत जोडलं असतं, आणि फसवणूक करणारा म्हणून नाव माझं लागलं असतं. आता तटबंदीच्या आत महागडी खोली घेतली आहे, पैसे तिथे पोचल्यावर द्यायचे. पत्र एका दिवसात आलं, चौघांच्या नावांसह, फुकट.

पैशाचं म्हणाल तर बँकेचं पत्र परवा आलं. इंग्रजीत, चार ओळी. समोरच्या बँकेने कळवलंय की रिकॉलला लाभार्थीने संमती दिलेली नाही, सबब विनंती बंद करण्यात येत आहे. चोराची संमती मागितली होती आणि ती त्याने दिली नाही. शाखेतल्या अधिकाऱ्यांना विचारलं, नियम खरंच असा आहे का? म्हणाले, "आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, साहेब." पत्राखाली बारीक अक्षरांत रिकॉलचं शुल्क होतं, 590 रुपये, खात्यातून वजा केलेले. एकूण 1,13,459 रुपये 55 पैसे.