‘ड्युअल अ‍ॅक्शन’ या नावाखाली माझ्या गळ्यात मारलेले पॉलिशर

माझ्या गाडीच्या बॉनेटच्या डाव्या कडेला बोटाच्या पेराएवढा एक डाग आहे. गडद निळ्या रंगाच्या मधोमध तो निस्तेज, खडूसारखा कोरडा दिसतो आणि त्याच्या भोवती फिकट रेघेची किनार आहे. पाणी मारले की तो दिसेनासा होतो आणि सुकला की पुन्हा उमटतो. हा डाग कोणत्याही अपघाताने पडलेला नाही. एका विक्रेत्याने जे यंत्र ‘ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशर’ म्हणून मला विकले ते प्रत्यक्षात साधे रोटरी होते, आणि मी ते पारखून न घेता थेट गाडीवर चालवले, म्हणून तो पडला आहे. वर्षातून दोन-तीन वेळा घरीच गाडीला पॉलिश करावे, एवढ्याच हेतूने पॉलिशर घेऊ पाहणाऱ्यांची अशी फसगत होऊ नये, यासाठी सगळे सविस्तर लिहीत आहे.

मी ड्युअल अ‍ॅक्शनच का शोधत होते, हे आधी सांगायला हवे. रोटरी यंत्रात पॅड, म्हणजे रंगावर घासली जाणारी मऊ गोल गादी, एकाच आसाभोवती गरगर फिरतो. मोटरचा सगळा जोर सरळ पॅडवर येतो, त्यामुळे एका जागी हात क्षणभर जास्त रेंगाळला तरी रंग तापतो. सरावलेल्या माणसाच्या हातात हेच यंत्र उत्तम काम करते, त्याला मी नावे ठेवणार नाही. ड्युअल अ‍ॅक्शनची रचना मात्र वेगळी असते. त्यात पॅडचे केंद्र मोटरच्या आसापासून थोडे बाजूला बसवलेले असते, त्यामुळे पॅड आसाभोवती लहान वर्तुळात घिरट्या घालतो आणि त्याच वेळी स्वतःभोवतीही सैलपणे फिरतो. त्या घिरटीच्या व्यासाला ‘थ्रो’ म्हणतात. घरगुती कामासाठी ८ किंवा १५ मिमी थ्रोची यंत्रे सर्रास मिळतात. फार दाबले किंवा पॅड कडेवर तिरका पडला, तर त्याचे स्वतःभोवती फिरणे मंदावते किंवा थांबते. नवख्याचा रंग जळण्यापासून वाचतो तो बऱ्याच अंशी या गुणामुळे.

जाहिरातीत हे सगळे शब्द होते: ड्युअल अ‍ॅक्शन, १५ मिमी, नवख्यांसाठी सुरक्षित. यंत्राची सात-आठ छायाचित्रे होती आणि ती सगळी वरून किंवा बाजूने काढलेली होती. खालची बाजू, म्हणजे जिथे पॅड बसतो ती प्लेट, एकाही छायाचित्रात नव्हती. सोबतच्या चित्रफितीत कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल ओरखड्यांनी भरलेल्या काळ्या दारावरून यंत्र एकदाच फिरत होते आणि दार आरशासारखे लखलखत होते. हे ओरखडे खरोखर गेले होते की तेलकट मलमाने फक्त भरले गेले होते, हे असे पाहून कळत नाही. ओरखडे गेल्याचे दाखवायचे असेल तर पॉलिशनंतर तो भाग आयसोप्रोपाइल अल्कोहोल मिसळलेल्या पाण्याने पुसून, प्रखर दिव्याखाली दाखवावा लागतो. त्या चित्रफितीत पुसण्याचा भागच नव्हता.

खोके उघडले तेव्हाच तीन गोष्टी खटकायला हव्या होत्या. प्लेट काढल्यावर खाली जाड आटे असलेला दांडा होता, तसा ग्राइंडरला असतो. दांडा अडवून धरण्यासाठी डोक्यावर एक बटण होते. माहितीपत्रकात तर पॉलिशच्या पॅडबरोबर घासकामाच्या चकत्याही दाखवल्या होत्या. मी ते पाहिले, पण नव्या वस्तूच्या उत्साहात मनावर घेतले नाही.

पुढे जे झाले त्याला पाच मिनिटेही लागली नाहीत. वेगाची चकती मी १ वर ठेवली होती, तरी यंत्र हातातून निसटू पाहत होते, आणि १ वरून ३ वर नेल्यावर वेगात काही फरक जाणवला नाही. बॉनेटच्या मध्यापासून कडेपर्यंत येताना पॅडने हिसका दिला, मी तो सावरण्यासाठी घट्ट दाबून धरला आणि करपल्यासारखा वास आला. यंत्र बंद करून हात लावला तर पत्रा चटका बसावा इतका तापलेला होता. कडेवर रंगाचा थर आधीच पातळ असतो आणि पॅडचा सगळा भार तेवढ्याच अरुंद पट्टीवर येतो. म्हणूनच जाणकार लोक कडांना आधी मास्किंग टेप लावून घेतात. मी टेप लावली नव्हती, कारण जाहिरातीतल्या ‘सुरक्षित’ या शब्दावर माझा विश्वास होता.

गाड्यांच्या रंगकामात अनेक वर्षे घालवलेल्या एका कारागिरांकडे मी गाडी आणि यंत्र दोन्ही घेऊन गेले. त्यांनी यंत्राची वायर जोडलीसुद्धा नाही. उलटे करून प्लेट चिमटीत धरली, हळूच फिरवली आणि म्हणाले, “ताई, हे रोटरी आहे. बघा, प्लेटबरोबर आतले गिअर फिरताना लागतात, आणि मधला बिंदू जागचा हलत नाही.” मग त्यांनी त्यांचे जुने ड्युअल अ‍ॅक्शन माझ्या हातात दिले. त्याची प्लेट बेअरिंगवर सहज फिरत होती. दांडा हाताने फिरवला की अख्खी प्लेट एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकत होती, आणि तोल राखण्यासाठी आत बसवलेले वजनही फटीतून दिसत होते. दोन्ही यंत्रे एकदा हातात घेतलेल्या कोणालाही हा फरक डोळे मिटून सांगता येईल.

थराची जाडी मोजणारे उपकरण त्यांनी बॉनेटच्या मध्यावर आणि मग डागावर लावले. डागावरचा आकडा बराच कमी होता. गाडीचा सगळ्यात वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो. छपाईच्या साध्या कागदाची जाडी सुमारे १०० मायक्रॉन असते, म्हणजे हा थर त्या कागदाच्या निम्म्याने. रंगाचे उन्हापासून रक्षण तोच करतो, आणि तो एकदा गेला की कोणत्याही पॉलिशने परत येत नाही.

विक्रेत्याला मी छायाचित्रांसह लिहिले. त्यांचे पहिले उत्तर मी जपून ठेवले आहे: ड्युअल अ‍ॅक्शन म्हणजे दोन कामे, पॉलिश करणे आणि घासणे, आणि हे यंत्र दोन्ही करते. एका ठरलेल्या तांत्रिक शब्दाचा अर्थ इतक्या सहज फिरवता येतो, याचा मला रागापेक्षा धक्का अधिक बसला. १५ मिमीचे काय, असे विचारल्यावर उत्तर आले नाही. परतीची मागणी केली तेव्हा प्लेटला कंपाउंड (ओरखडे घासून काढायचे मलम) लागलेले आहे, म्हणजे वस्तू वापरलेली आहे, असे सांगून ती फेटाळण्यात आली. मी प्रतिकूल अभिप्राय लिहिल्यावर तो काढून टाकण्याच्या बदल्यात चार पॅड मोफत पाठवण्याची तयारी दाखवण्यात आली. मी ती नाकारली. त्या पानावरचे पंचतारांकित अभिप्राय कसे जमले असतील, याचा अंदाज मला तेव्हा आला.

म्हणून, घेण्याआधी विक्रेत्याकडे खालच्या बाजूचे छायाचित्र मागा आणि थ्रो किती हे लेखी विचारा. टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा. यंत्र घरी आल्यावर खोके उघडताना चित्रण करा आणि वायर जोडण्यापूर्वी प्लेट हाताने फिरवून पाहा. तेवढ्यात रोटरी असल्याचे कळले तर प्लेट अजून कोरी असते आणि परतीची मागणी फेटाळणे विक्रेत्याला अवघड जाते. प्लेटच्या कडेवर मार्करने एक रेघ ओढा. खऱ्या ड्युअल अ‍ॅक्शनवर पॅड लावून हलके चालवले की ती रेघ फिरताना दिसते आणि दाब वाढवला की मंदावते. पहिली चाचणी भंगारातल्या एखाद्या रंगीत पत्र्यावर घ्या. वॉटच्या मोठ्या आकड्याला भुलू नका, कारण तो आकडा पॅड कसा फिरतो हे सांगत नाही. आणखी एक प्रकार ‘ओरखडे घालवणारे यंत्र’ म्हणून खपवला जातो. त्याला मोठी गोल गादी आणि वर कापडी टोपी असते. ते खरोखर घिरट्या घालते आणि रंगाला सहसा इजा करत नाही, पण ते मेण पसरवण्यापुरतेच आहे. ओरखडे काढण्याइतका जोर त्यात नसतो. आणि ज्या ओरखड्यात नख अडकते, तो कोणत्याही यंत्राने घालवण्याच्या भरीस पडू नका.

बॉनेट मी अजून रंगवून घेतलेले नाही. यंत्र, खोके आणि त्या जाहिरातीची प्रत माझ्याकडे आहे. गेल्या आठवड्यात तीच छायाचित्रे मला पुन्हा दिसली. विक्रेत्याचे नाव वेगळे होते, १५ च्या जागी २१ मिमी लिहिलेले होते, आणि खालच्या बाजूचे छायाचित्र याही वेळी नव्हते.