पुण्यातली 40 टक्के मिळकतकर सवलत आणि पीटी-3 फॉर्म : माझा रिव्ह्यू

स्वतःच्या फ्लॅटमध्ये स्वतः राहणाऱ्या प्रत्येक पुणेकराने ही सवलत घ्यायलाच पाहिजे, आधी हे सांगते मग बाकीचं. पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते पुढे येईलच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आपला टॅक्स घराच्या बाजारभावावर लागत नाही, घराचं वर्षाचं भाडं काय येईल ते धरून महापालिका वार्षिक करपात्र रक्कम काढते आणि त्यावर सर्वसाधारण कर, सफाई, पाणी वगैरे सगळी टक्केवारी बसते, आणि घरात मालक स्वतः राहत असेल तर ही करपात्र रक्कमच 40 टक्क्यांनी कमी धरतात. म्हणजे शेवटच्या आकड्यातून शेपाचशे वजा करायचा प्रकार नाही, मुळालाच हात घातलाय, त्यामुळे बिलात खरोखर मोठा फरक दिसतो आणि तो दरवर्षी दिसतो. मुंबईत 2022 पासून 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ आहे, पण तिथे घराचा आकार बघतात. आपल्याकडे घर छोटं की मोठं हा प्रश्नच नाही, राहतं कोण ते बघतात, आणि मला हे जास्त पटतं.

पुण्यात ही सवलत 1970 पासून आहे. मग लेखापरीक्षणात आक्षेप निघाला, राज्य सरकारने 2018 मध्ये ती रद्द केली आणि 1 एप्रिल 2019 नंतर नोंद झालेल्या घरांना पूर्ण बिलं यायला लागली. जीआयएस सर्व्हे (नकाशावर आधारित मिळकतींची पाहणी) झाला त्यात जुन्या लोकांपैकी पण बऱ्याच जणांची सवलत गेली. 2023 मध्ये सरकारने ती परत सुरू केली, जास्तीचे भरलेले पैसे पुढच्या चार वर्षांच्या बिलांतून वळते करून द्यायचं ठरलं, आणि त्यासाठी हा पीटी-3 फॉर्म आला. आमचा फ्लॅट 2019 नंतरचाच, त्यामुळे मी भरला.

फॉर्म सोपा आहे, खरंच. मराठीत आहे, घरी बसून भरता येतो. सोबत सोसायटीचं पत्र लागतं की हे लोक इथे स्वतः राहतात, मग मतदान कार्ड, पासपोर्ट, लायसन्स, गॅस कार्ड, रेशन कार्ड असलं काहीतरी याच पत्त्याचं, आणि पुण्यात दुसरी मिळकत असेल तर तिच्या बिलाची कॉपी, कारण सवलत एकाच राहत्या घराला मिळते. तेव्हा फी होती 25 रुपये. पंचवीस! आणि आमच्या ओळखीतल्या एका आजोबांकडून एजंटने याच कामाचे हजारांत पैसे मागितले होते. कृपया कुणाला असे पैसे देऊ नका, क्षेत्रीय ऑफिसला जाऊन पेठ निरीक्षकाला (आपल्या भागातला मिळकतकर बघणारा कर्मचारी) भेटा, नाहीतर नागरी सुविधा केंद्रात विचारा.

माझं अडलं ते सोसायटीच्या पत्रापाशी. कमिटी म्हणाली पुढच्या मीटिंगमध्ये बघू, मग सेक्रेटरी गावाला, मग लेटरहेड संपलेले. फ्लॅट माझा, राहते मी, आणि पुरावा दुसऱ्याच्या सहीवर अडकलेला. कमिटीत असणाऱ्यांनो, सगळ्या सभासदांची पत्रं एकदम करून ठेवा हो, अर्ध्या दिवसाचं काम आहे.

आणि एक स्टार कापला तो यासाठी की सवलत आपोआप लागत नाही. नवीन घर घेणाऱ्याला खरेदीखत, पझेशन, लोन यात हे सुचतसुद्धा नाही. मुलं परदेशात आणि आईवडील इथे एकटे अशी घरं आमच्याच बिल्डिंगमध्ये किती आहेत, त्यांना कोण सांगणार? कर आकारणीसाठी नोंद करतानाच स्वतः राहणार का भाड्याने देणार हे विचारून तिथेच सवलत लावून टाकायला पाहिजे, उलट नंतर घर भाड्याने दिलं तर मालकाने कळवायचं. भाड्याने देऊन पण सवलत खाणारे आहेत, माहीत आहे, त्यांची चौकशी जरूर करा, पण त्यांच्यापायी राहणाऱ्याला कागद गोळा करत फिरवू नका.

अजून एक. अर्ज पेंडिंग आहे म्हणून बिल थांबवू नका, थकबाकीवर महिन्याला 2 टक्के शास्ती म्हणजे दंड लागतो. आणि मे अखेरच्या आत भरलं (कधीकधी मुदत वाढवतात) तर सर्वसाधारण करात 5 किंवा 10 टक्के सूट मिळते ती वेगळीच, सोलर, गांडूळखत, पावसाचं पाणी साठवणं असे प्रकल्प सोसायटीत चालू असतील तर त्याचीही मिळते, तेही विचारून घ्या.

आता उठून आईबाबांचं बिल काढा आणि 40 टक्के सवलत लागलीये का ते बघा. नसेल लागली तर महापालिकेच्या साईटवर सध्याची मुदत बघून फॉर्म तुम्हीच भरून द्या त्यांना.