थ्रस्ट (१९८५), आठ महिन्यांनंतर: आवाज मोठा, ओळख बंद

या खेळण्याचा अनुभव मी तिसऱ्या महिन्यात लिहायला घेतला होता. तेव्हा शीर्षक 'पैसा वसूल' असं होतं. चौथ्या महिन्यात ते खोडलं आणि जे लिहिलं ते इथे छापण्यासारखं नाही. आता आठवा महिना चालू आहे, डोकं बऱ्यापैकी थंड झालंय, म्हणून पुन्हा बसलोय.

मूळ माहिती तुम्हाला आहेच, तरी एका दमात सांगून टाकतो. ट्रान्सफॉर्मर्स या रूप बदलणाऱ्या रोबोट-खेळण्यांची १९८५ सालची खेप, डिसेप्टिकॉन म्हणजे खलनायकांच्या टोळीतला, रोबोटचं होतं एफ-१५ ईगल लढाऊ विमान. अंग तेच स्टारस्क्रीमचं (त्याच टोळीतलं जास्त गाजलेलं विमान), जे अमेरिकन हॅस्ब्रोने जपानी टाकारा कंपनीच्या डायाक्लोन मालिकेतून उचललं होतं. पंख नवे, रंग काळपट लाल (मरून) आणि काळा. रॅमजेट आणि डर्ज हे याचे दोन जोडीदार. माझा नग वापरलेला, खोक्याशिवाय, सुटा. किंमत सांगत नाही. ती घरात एकाच माणसाला माहीत आहे आणि तो माणूस मी आहे.

स्टारस्क्रीम सोडून हा कशाला, असं मला निदान चार जणांनी विचारलं. स्टारस्क्रीम सगळ्यांकडे असतो. शिवाय त्याच्या बडबडीमागे निदान टोळीप्रमुख मेगाट्रॉनची खुर्ची तरी असते. थ्रस्टला खुर्चीबिर्ची काही नको. त्याला फक्त आपला आवाज ऐकायला आवडतो. त्या काळी खोक्यामागे प्रत्येक पात्राची छोटीशी ओळख छापलेली असायची, त्यातल्या बहुतेक मार्व्हलच्या बॉब बुडियान्स्कीने लिहिलेल्या. थ्रस्टची ओळख वाचली तर माणूस हसतोच. लढाईच्या आधीच जिंकल्याच्या बाता मारायच्या, इंजिनाच्या गडगडाटाने समोरच्याची गाळण उडवायची, आणि समोरचा घाबरला नाही की मग स्वतःची उडू द्यायची. अशी माणसं प्रत्येक ऑफिसात असतात. माझ्या टेबलावर एक प्लास्टिकची असावी, एवढाच हेतू होता.

आता हातात घेतल्यावर काय वाटतं ते.

पंख सुंदर आहेत. रुंद, आणि वर गोल पंख्यांची नक्षी, जणू हा जागेवरून सरळ वर उडणार. खऱ्या एफ-१५ला हे जमत नाही, त्याला धावपट्टी लागते. म्हणजे कपड्यांतसुद्धा थाप. पात्राला इतकं शोभणारं दुसरं काही मला सुचलं नसतं.

डोक्याचं म्हणाल तर, हे तिघे 'कोनहेड' म्हणून ओळखले जातात कारण कार्टूनमध्ये विमानाचं नाक मागे दुमडायच्या ऐवजी डोक्यावर तसंच उभं ठेवलंय. १९८५च्या दुसऱ्या पर्वात हे तिघे आले ते असेच. स्टारस्क्रीमचं नाक पाठीमागे जातं आणि तो रुबाबदार दिसतो. याचं वर राहतं आणि हा विदूषकाची टोपी घालून फौजदारी करायला आल्यासारखा दिसतो. खेळण्यात तुम्ही नाक दुमडूही शकता, अंग एकच असल्यामुळे. मी आठवडाभर दुमडून ठेवलं होतं. मग वाटलं, हा स्टारस्क्रीमचा गरीब चुलतभाऊ झाला. पुन्हा उभं केलं.

मुठी सुट्या आहेत. वर्षानुवर्षं लोक हेच सांगत आलेत आणि मीही तेच सांगतो: विमान करताना मुठी काढल्या की लगेच डबीत टाका. माझी उजवी मूठ दोन दिवस बेपत्ता होती. शेवटी केरसुणीने केरात ती मिळवून दिली. केर मी स्वतः काढत होतो म्हणून वाचलो.

डावा खांदा सैल आहे. त्यावर उपाय सगळे जाणतात: सांध्यात पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर, रात्रभर वाळू द्यायचा, मगच हलवायचा. नेलपॉलिश घरातलंच मिळालं, त्यामुळे खर्च शून्य, बोलणी थोडी. रंग मरून असल्याचा एक फायदा नक्की. पांढरा रॅमजेट घेणाऱ्यांना पिवळं पडण्याची जी धास्ती असते ती इथे नाही. खिडकीतल्या उन्हात मात्र ठेवू नका, ऊन कुठल्याच प्लास्टिकचं सगंसोयरं नाही.

इथवर सगळं ठीक होतं. आता तो चौकोन.

१९८५पासून या खेळण्यांवर एक छोटा चौकोनी स्टिकर येऊ लागला, रबसाइन. बोटाच्या नखाएवढा, एरवी गडद. त्यावर अंगठा घासला की उबेने रंग बदलतो आणि आतून चिन्ह उगवतं: ऑटोबॉट (चांगल्यांची टोळी) असेल तर ऑटोबॉट, डिसेप्टिकॉन असेल तर डिसेप्टिकॉन. उष्णतेने रंग पालटणारी शाई, बाकी जादू नाही. बाजारात नकली खेळण्यांचा सुळसुळाट होता, त्यावर अस्सल मालाची खूण म्हणून ही युक्ती. पोरांसाठी मात्र ती खेळण्याइतकीच मोठी होती. मी लहानपणी शेजारच्या दादाच्या गाडीवरचा हा चौकोन इतका घासलाय की त्याने शेवटी गाडी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली.

तर मला थ्रस्ट हवा होता हे खरं, पण खरं तर मला तो चौकोन हवा होता. विक्रेत्याच्या जाहिरातीत स्वच्छ लिहिलेलं होतं, 'रबसाइन चालू', आणि फोटोत डिसेप्टिकॉनचा चेहरा लख्ख दिसत होता.

घरी आल्यावर घासला. काही नाही. हात धुऊन, कोरडे करून घासला. काही नाही. तोंडाची वाफ दिली. गरम चहाच्या कपाला अंगठा लावून मग टेकवला. अंगठा भाजला, चौकोन ढिम्म. कोपऱ्यात अगदी फिकट, जुन्या पावतीवरच्या आकड्यासारखं काहीतरी हललं असं पहिल्या दिवशी वाटलं होतं. तीन महिने मी त्या फिकट भासावर काढले, म्हणून तर 'पैसा वसूल'.

चौथ्या महिन्यात धीर सुटला आणि मी हेअर ड्रायर आणला. हे करू नका. मंद वाऱ्यावर, वीतभर अंतरावरून, मोजून दहा सेकंद, तरीसुद्धा स्टिकरचा एक कोपरा सुकलेल्या पानासारखा वर वळला. बोटाने दाबून बसवला, पण ती सुरकुती आता कायमची. ही चूक माझी, विक्रेत्याची नाही. ते नीट लिहितोय कारण पुढे मी त्याला सोडणार नाहीये.

त्याला निरोप पाठवला: रबसाइन चालत नाही, जाहिरातीत चालू लिहिलं होतं. उत्तर आलं ते जसंच्या तसं देतो: "तुमचा अंगठा थंड असेल."

मी ते दोनदा वाचलं. माझा अंगठा. चाळिशीच्या आसपासचा स्टिकर, तो निर्दोष, आणि दोष माझ्या रक्ताभिसरणाचा. मी कळवलं की घरातल्या चार माणसांचे आठ अंगठे लावून झालेत. त्यावर त्याने लिहिलं, "फोटोत चालू आहे ना? फोटो तुमच्या समोर आहे." मग दोन आठवडे काहीच नाही. मग "परत घेत नाही." मग एका रविवारी रात्री अकराला, "बघतो काहीतरी." बोलण्याची ढब बघा. आधी गडगडाट, मग पळ. मला पात्र घरपोच मिळालं होतं, फक्त ते खोक्यातलं नव्हतं.

(जाता जाता: जुन्या मालाच्या बाजारात 'थ्रस्ट' एवढंच शोधू नका. ट्रान्सफॉर्मर्सच्याच नंतरच्या मालिकांत याच नावाचे आणखी दोघे आहेत: बीस्ट मशीन्समधला थ्रस्ट मोटरसायकल होतो, आर्माडातला थ्रस्ट विमान आहे पण वेगळाच, कारस्थानी स्वभावाचा. सालासकट शोधा. मला याच विक्रेत्याने पहिल्यांदा आर्माडावाल्याचे फोटो पाठवले होते. तेव्हाच ओळखायला हवं होतं.)

सहाव्या महिन्यातली भर. 'बघतो काहीतरी' म्हणजे काय ते कळलं. टपालाने एक पाकीट आलं. आत पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवलेला एक चौकोनी स्टिकर. नवा छापलेला, नक्कल. असे जुन्या स्टिकरांचे नवे संच लोक करतात आणि दुरुस्तीसाठी ते उपयोगी असतात, त्याबद्दल तक्रार नाही. सोबत चिठ्ठी: "हा चालतो."

चालतो. अंगठा टेकवायचा अवकाश, घासायचीही गरज नाही, डिसेप्टिकॉनचा चेहरा असा उठतो की विचारू नका. कडा रेखीव, डोळे तिरके, रंग ताजा. बोट उचललं की सावकाश विझतो. मी उभ्या उभ्या वीसेक वेळा केलं.

आणि मग माझी चिडचिड एकदम दुप्पट झाली, कारण तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. अस्सल माल ओळखण्यासाठी काढलेली ही खूण. माझ्याकडचा अस्सल थ्रस्ट त्या परीक्षेत नापास, आणि परवा छापलेला कागद पहिल्या नंबराने पास. चिन्ह बघून ठरवायचं म्हटलं तर माझ्या घरात एकच खरा डिसेप्टिकॉन होता आणि तो पाकिटात होता.

मी जाहिरातीतला फोटो पुन्हा काढला आणि मोठा करून पाहिला. फोटोतल्या चौकोनाचे चारही कोपरे धारदार. माझ्या थ्रस्टवरच्या चौकोनाचे कोपरे घासून गोल झालेले, आणि ते माझ्या ड्रायरच्या आधीपासून, आल्या दिवशीच्या माझ्या स्वतःच्या फोटोतही तसेच. म्हणजे गड्याने फोटोपुरता नवा स्टिकर वर ठेवला होता. चिकटवलाही नव्हता, नुसता ठेवला होता. खालच्या बाजूला अर्धा केस जाईल एवढी सावली दिसते. मी ती सावली दाखवत निरोप पाठवला. तो निरोप त्याने वाचलाय, एवढी खूण मला दिसते. उत्तर आजवर नाही.

मत मात्र इथे थोडं बदललं, ते प्रामाणिकपणे लिहितो. विक्रेत्याबद्दल नाही, थ्रस्टबद्दल. पाचव्या महिन्यापर्यंत मी त्याला टेबलावरून उचलून शेल्फच्या मागच्या रांगेत टाकलं होतं, त्या मेलेल्या चौकोनाकडे बघवत नव्हतं म्हणून. पाकीट आल्यावर निदान कळलं की माझा चौकोन बदललेला नाही, मूळचाच आहे. तो विझलाय तो कुणीतरी वर्षानुवर्षं घासून घासून. कुठलं तरी पोर असेल, अंगठ्याला खाऊ लागलेला. कोपरे गोल आहेत ते त्यामुळेच. नग पुन्हा पुढच्या रांगेत आला.

भाची सुट्टीला आली होती. वय सहा. तिला मी नियम सांगितले: पंख ओढायचे नाहीत, मुठी तोंडात घालायच्या नाहीत. चौकोनाबद्दल मुद्दाम काही बोललो नाही, पण पोरांना असल्या जागा आपोआप सापडतात. तिने अंगठा लावला, घासला, कान लावून ऐकला, पुन्हा घासला.

"मामा, याचा सेल संपलाय का?"

म्हटलं, याला सेल नसतो, बोट गरम लागतं. आत त्याच्या टोळीचं तोंड आहे, ते दिसतं.

तिने दोन्ही हात एकमेकांवर चोळले, थंडीत चोळतात तसे, आणि मोठ्या गंभीरपणे पुन्हा अंगठा ठेवला. बराच वेळ. मग मला म्हणाली, "आत कुणीतरी आहे. पण घाबरलंय, म्हणून बाहेर येत नाही."

तिला थ्रस्टबद्दल मी एक अक्षर सांगितलेलं नव्हतं.

आता घ्यावा की नाही. नुसता दिसायला थ्रस्ट हवा असेल तर जुन्याच्या नादी लागू नका. मास्टरपीस मालिकेतला एमपी-११ एनटी आहे, २०२०च्या अर्थराइज मालिकेतला आहे, दोन्ही यापेक्षा कितीतरी जास्त वाकतात, वळतात, उभे राहतात. माझा जुना पुतळ्यासारखा उभा राहतो, तोही भिंतीजवळ. जुनाच हवा असेल तर दिवसाउजेडी काढलेले फोटो मागा, मुठी मोजा, शेपटीचे पंख मोजा, आणि रबसाइन चालू असल्याचं सांगितलं तर बोट टेकवून उचलतानाचा व्हिडिओ मागा. फोटो नको. फोटोत काहीही चालतं.

विक्रेत्याला शून्य. खेळण्याला पाचपैकी साडेतीन होते, भाचीने ते चार केले. अर्धा गुण मी खांद्याचं नेलपॉलिश किती टिकतं ते बघून पुन्हा कापू शकतो.

पाकिटातला स्टिकर थ्रस्टला लावला नाही. मूळचा काढून नक्कल चिकटवायची माझी छाती झाली नाही, आणि फुकट आलेली वस्तू टाकून देणं आमच्या रक्तात नाही. महिनाभर तो पुठ्ठ्यातच होता. शेवटी भाचीने विचारलं की हा कुणाचा, आणि मला उत्तर देता येईना, तेव्हा तिनेच तो टीव्हीच्या रिमोटच्या पाठीवर चिकटवला. हा रिमोट गरजेच्या वेळी कधीच सापडत नाही आणि सापडला की उशीखाली सापडतो. आता सापडल्यावर जो तो आधी त्याला उलटा करून अंगठा घासतो. चेहरा लगेच उगवतो.