मिंटवर ‘दुसऱ्या’ नीट उमटतं का?

मी मुद्रितशोधन करते. दिवसभर समोर मराठी मजकूर, आणि संगणकाकडून अपेक्षा एकच: त्याने मध्ये मध्ये बोलू नये. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट संपला. माझा दहा वर्षांचा लॅपटॉप विंडोज ११च्या अटींत बसेना. प्रोसेसर जुना, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही. पण कीबोर्ड आणि स्क्रीन ठणठणीत. भंगारात द्यायचं जिवावर आलं, म्हणून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट २२ ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकली, सिनॅमन डेस्कटॉपवाली (सिनॅमन म्हणजे तिच्या खिडक्या-मेनूंचं रूप). २०२९पर्यंत अपडेट मिळणार आहेत, तोवर लॅपटॉप टिकला म्हणजे झालं.

डिस्कला हात न लावता मिंट नुसतं पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं. नवख्या माणसाला याहून मोठी सोय नाही, आणि मी ती जवळजवळ वाया घालवली. वॉलपेपर बदलत बसले, वाय-फाय तपासायचं राहिलं. इन्स्टॉल झाल्यावर बघते तर वाय-फायचा पत्ताच नाही. माझ्या वाय-फाय कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, वेगळा टाकावा लागत होता, आणि त्यासाठी इंटरनेट हवं! शेवटी फोन केबलने जोडून टिथरिंग चालू केलं, म्हणजे फोनचंच इंटरनेट लॅपटॉपला दिलं, ड्रायव्हर मॅनेजरने कार्ड ओळखलं, एक रीस्टार्ट आणि सुटले. तुम्ही मात्र पेनड्राइव्हवर असतानाच वाय-फाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर बघून घ्या. झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतं का, तेही.

इन्स्टॉलरमध्ये डिस्क पुसायचा पर्याय येतो. तो खरंच पुसतो. माझं सगळं काम आधीच बाहेरच्या हार्ड डिस्कवर होतं, तरी बोट माउसवर थबकलंच.

आता माझा विषय. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठीचे इनस्क्रिप्ट (प्रत्येक कळीला ठरलेलं देवनागरी अक्षर) आणि फोनेटिक (रोमन उच्चाराप्रमाणे) असे दोन्ही लेआउट आहेत. मी इनस्क्रिप्टवाली. कुठल्याही मशीनची माझी पहिली परीक्षा म्हणजे ‘दुसऱ्या’ हा शब्द. शिफ्ट धरून जे, मग डी, मग स्लॅश, मग ई: ऱ, हलन्त, य, काना. साधा र घेतला तर ‘दुसर्या’ होतं, आणि तसा मजकूर माझ्याकडे रोज येतो, ती वेगळी कथा. मिंटने पहिल्या फटक्यात बरोबर उमटवलं. त्या दिवसापासून आमचं जमलं.

युनिकोडच्या, म्हणजे सगळीकडे सारख्या चालणाऱ्या अक्षरसंकेताच्या, आधीच्या फॉण्टमधल्या जुन्या फायली उघडल्या तेव्हा मात्र पानभर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खच. यात मिंटचा दोष नाही, तो फॉण्टच मशीनवर नव्हता. जुन्या डिस्कवरून टीटीएफ फाइल आणली, दोनदा क्लिक करून इन्स्टॉल केली. लिब्रेऑफिस हे लिहायचं सॉफ्टवेअर बंद करून उघडलं, मजकूर जागेवर.

सॉफ्टवेअरसाठी साइटी धुंडाळायची सवय मोडायला वेळ लागला. इथे बहुतेक सगळं सॉफ्टवेअर मॅनेजरमध्येच मिळतं. ज्या टर्मिनलची, म्हणजे टाइप करून आज्ञा द्यायच्या खिडकीची, लोक एवढी भीती घालतात, ते चार महिन्यांत मी दोनदा उघडलं.

टाइमशिफ्ट मात्र पहिल्याच दिवशी चालू करा; ते सिस्टिमची त्या क्षणाची प्रत, म्हणजे स्नॅपशॉट, जपून ठेवतं. मी हौसेने ग्राफिक्सचा दुसरा ड्रायव्हर टाकला आणि पुढच्या वेळी नुसती काळी स्क्रीन. पेनड्राइव्हवरून मिंट उघडून आदल्या दिवशीचा स्नॅपशॉट परत आणला, लॅपटॉप पूर्ववत. फक्त एक लक्षात ठेवा: टाइमशिफ्ट मुळात सिस्टिम सांभाळतं, तुमच्या फायली नाही. त्यांचा बॅकअप वेगळा घ्यायचा.

पानं लावायचं माझं सॉफ्टवेअर लिनक्ससाठी निघतच नाही. त्या कामाला अजून दुसऱ्या संगणकावर बसते, आणि तिथे अपडेटची खिडकी वर आली की मिंटची आठवण येते.