सुईच्या भोकातून आठ महिने: डिजिटल कॅमेऱ्याचा घरगुती पिनहोल

दिवाळीत माझ्या निकॉन डी ३१०० ची लेन्स धाकट्या भावाला दिली आणि नुसती बॉडी घरी उरली. तिच्या टोपणाला, म्हणजे बॉडी कॅपला, भोक पाडून मी पिनहोल कॅमेरा केला, म्हणजे लेन्सऐवजी बारीक भोकातून चित्र घेणारा कॅमेरा. आता आषाढ चालू आहे. मधल्या काळात हा कॅमेरा आठवड्यातून दोन-तीनदा तरी हातात घेतला, म्हणून आता खात्रीने लिहितो.

आमचं वाईचं घर कौलारू. लहानपणी दुपारी माजघरात कवडसे पडायचे. कौलांमधली फट कितीही वेडीवाकडी असली तरी कवडसा गोलच, कारण तो फटीचा आकार नसतो, सूर्याची प्रतिमा असते. ग्रहण असलं की तेच कवडसे चंद्रकोरीसारखे होतात. या कॅमेऱ्यातही तेच घडतं, फक्त शेणानं सारवलेल्या जमिनीच्या जागी सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा भाग, असतो.

सगळं यश भोकावर आहे, त्यामुळे त्याबद्दल जरा सविस्तर. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या डब्याचा नाण्याएवढा पत्रा कापला. जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर ठेवून शिवणाच्या सगळ्यात बारीक सुईचं टोक नुसतं टेकवलं, दाबलं नाही. मागे आलेला फुगवटा बारीक पॉलिश पेपरने घासला, पुन्हा सुई टेकवून बोटांत फिरवली, पुन्हा घासला. असं चार-पाच वेळा. मग पत्रा स्कॅनरवर २४०० डीपीआयला, म्हणजे इंचाला २४०० पिक्सेल या हिशेबाने, स्कॅन केला. भोक २८ पिक्सेल भरलं, म्हणजे ०.३ मिलिमीटर. पत्र्याची आतली बाजू काळ्या मार्करने रंगवली, टोपणाला मधोमध मोठं भोक पाडलं आणि पत्रा त्यावर काळ्या चिकटपट्टीने बसवला.

०.३ च का? निकॉनच्या माउंटपासून, म्हणजे लेन्स बसवायच्या कड्यापासून, सेन्सर ४६.५ मिलिमीटरवर असतो आणि त्या अंतराला साधारण एवढंच भोक जमतं. मोठं केलं तर चित्र पसरतं. लहान केलं तर प्रकाश कडांवरून वळतो आणि चित्र पुन्हा पसरतं. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १८९१ साली यावर लिहिलं होतं. माझं पहिलं भोक अर्ध्या मिलिमीटरचं झालं होतं; त्यातून समोरच्या घराच्या खिडक्यासुद्धा मोजता येत नव्हत्या.

आता वापराचं. या हिशेबाने, म्हणजे सेन्सरपर्यंतच्या अंतराला भोकाच्या व्यासाने भागून, अ‍ॅपर्चर एफ १५५ येतं; हा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी. लख्ख उन्हात आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता, १०० ठेवून एक सेकंद प्रकाश घ्यावा लागतो, सावलीत आठ सेकंद. माझ्या बॉडीत फक्त एम मोड (सगळं हाताने ठरवायचं) चालतो, मीटर (प्रकाश मोजायची सोय) चालत नाही, पण दोन आठवड्यांत अंदाज बसला. व्ह्यूफाइंडरमधून जवळजवळ काहीच दिसत नाही. आयएसओ वाढवून एक चाचणी फोटो काढायचा, चौकट बघायची, मग आयएसओ खाली आणून खरा फोटो. ट्रायपॉड आणि दोन सेकंदांचा टायमर लागतोच. लांब एक्स्पोजरला व्ह्यूफाइंडरवर काळं कापड टाका, नाहीतर मागून प्रकाश शिरतो.

सगळ्यात जास्त त्रास धुळीने दिला. लेन्स असताना जो कण कधी जाणवला नसता, तो एफ १५५ ला आभाळात काळा ठिपका होऊन बसतो. पहिलं टोपण भोक पाडल्यावर मी फक्त फुंकून बसवलं होतं. प्लास्टिकचा कीस आत गेला. ब्लोअरने बराचसा निघाला, उरलेल्यासाठी दुकानात सेन्सर साफ करून घ्यावा लागला. नवीन टोपण साबणाने धुतलं, कडा घासल्या, रात्रभर वाळवलं, तेव्हा कुठे बसवलं. ही पायरी कृपा करून गाळू नका.

फोटो किती स्पष्ट येतात? पोस्टकार्डाएवढ्या प्रिंटलाही मऊच. सेन्सर जेमतेम २३ मिलिमीटर रुंद, त्यावर प्रत्येक बिंदूचा ठिपका जवळपास पाव मिलिमीटरचा; त्यामुळे १४ मेगापिक्सेलचा इथे काही उपयोग नाही. पत्र्याचा डबा आणि फोटोचा कागद घेऊन केलेला पिनहोल याहून स्पष्ट असतो, कारण कागद मोठा असतो. पण तो कागद धुवायची अंधारी खोली, डार्करूम, आता कुठे शोधायची? इथे चूक त्याच क्षणी दिसते आणि त्याच उन्हात सुधारता येते. मला हे फार मोलाचं वाटतं.

आणि जे मिळतं ते लेन्सने मिळालं नसतं. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर एका ढगाळ संध्याकाळी तीस सेकंदांचा फोटो घेतला. पायऱ्यांवरून माणसं ये-जा करत होती. फोटोत एकही नाही, फक्त पायऱ्या, देऊळ आणि दुधासारखी कृष्णा. दुसऱ्या एका फोटोत भोकापासून वीतभर अंतरावरचा झेंडू आणि मागचा कळस जवळपास सारख्याच मऊपणाने आले आहेत. फोकस हा प्रकारच उरत नाही.

माझा आवडता फोटो मात्र पडवीतला आहे. आई तांदूळ निवडत बसली होती. तिला म्हटलं, "आई, आठ सेकंद हलू नकोस हं." ती म्हणाली, "हात थांबवले तर निवडणार कोण?" चेहरा स्थिर राहिला, चष्म्याची काडीसुद्धा ओळखू येते. हातांच्या जागी सुपावर नुसतं पांढरट धुकं आहे. तो फोटो तिने स्वतः चौकट करून देवघराशेजारी लावला आहे.